हसल्याशिवाय फोटो निघत नाही

मी एका मयतीत घरच्या लोकांना हसायला सांगितलं.

हे घडलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो आणि वयानं चाळिशी ओलांडलेली होती. म्हणजे नशा, पोरवय, डोक्यात चढलेलं ऊन, यातलं एकही कारण पुढे करायची सोय नाही. कारण एवढंच होतं, की मी वाशीममध्ये कॅमेरे विकायचो आणि याला कॅमेऱ्यातलं फार कळतं असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं.

बसस्टँडच्या मागे माझा फोटो स्टुडिओ. आता तिथं पासपोर्ट साइजचे फोटो, लॅमिनेशन आणि झेरॉक्स एवढंच चालतं. बाकी वेळ मी बसून असतो असं लिहिणार होतो, पण मला बसताच येत नाही. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटर पुसतो, पुसलेला परत पुसतो, शटर अर्धं ओढतो, पुन्हा वर करतो. भिंतीला भिंत लागून रशीदभाईंची टपरी आहे. घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. डोळ्याला भिंग लावून ते तीन-तीन तास हलत नाहीत, आणि मी दर दहा मिनिटांनी त्यांच्यासमोर उभा. मग ते भिंग न काढताच म्हणतात, "गजूभाऊ, खुर्चीत काटे पेरले का तुमच्या कोनं?"

तर कॅमेऱ्यांबद्दल. मोबाईलला अजून धड डोळा फुटलेला नव्हता, तेव्हाची गोष्ट. माझ्या शोकेसमध्ये एका जुन्या, नावाजलेल्या जपानी कंपनीचे छोटे डिजिटल कॅमेरे असायचे. साबणाच्या वडीएवढा जीव, अंग धातूचं, शर्टाच्या खिशात मावणारा. बटण दाबलं की झुंईं आवाज करत भिंगाची नळी बाहेर यायची. निम्मे कॅमेरे मी नुसत्या त्या आवाजावर विकले. मानोऱ्याकडचा एक ठेकेदार पाच वेळा "आजून एक डाव करा" म्हणाला आणि सहाव्यांदा त्यानं पाकीट काढलं. फोटो कसा येतो हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. कंपनीच्या नावालाही वजन होतं. रोलच्या जमान्यात सासऱ्यानं दिलेला त्याच कंपनीचा कॅमेरा अजून चालतो, असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी निघायचा. तो माझा बिनपगारी सेल्समन.

मी गुण पाठ केले होते. झूम, फ्लॅश, फोटोवर तारीख, शिवाय चेहरा ओळखणारा चौकोन. कॅमेरा समोर धरला की पडद्यावर माणसाच्या तोंडाभोवती आपोआप चौकोन यायचा आणि तेवढा भाग हटकून स्पष्ट यायचा. मालेगावचे एक मास्तर आठच दिवसांत कॅमेरा परत घेऊन आले. म्हणे, "हा चौकोन वावरातल्या बुजगावण्याच्या तोंडावर बसते, पण माह्या तोंडावर बसत नाही." मी म्हटलं, "सर, बुजगावणं हालत नाही." ते गेले, पण नंतर मीही घरी आरशासमोर कॅमेरा धरून बघितलं. माझ्याही तोंडावर बसायला त्याला वेळच लागत होता.

आणि सगळ्यात वरचा गुण म्हणजे हसू टिपणारा मोड. तो लावून एकदा बटण दाबलं की पुढे नारिंगी दिवा लागायचा आणि कॅमेरा वाट बघत बसायचा. समोरच्याचे दात दिसले की आपणहून क्लिक. नाही दिसले तर नाही. परत बटण दाबलं तर वाट बघणं बंद. मी कॅमेरा काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचो, एखादा चुटका सांगायचो, ते हसायचं, क्लिक व्हायचं, आणि ते दचकून अजून हसायचं, की पुन्हा क्लिक. पुढे मला काही बोलावं लागायचं नाही.

हा मोड लावायचा कसा, हे मला माहीत होतं. काढायचा कसा, हे मी कधी बघितलं नव्हतं. विकणाऱ्याला काढून करायचं काय? माहितीचं पुस्तक मी गिऱ्हाइकाच्या पिशवीत न विसरता टाकायचो आणि म्हणायचो, "हे नीट वाचा बरं का." स्वतः एकही वाचलं नाही.

एका दुपारी केनवडहून दत्ताचा फोन आला. आठवड्यापूर्वीच तो दुकानात येऊन कॅमेरा बघून गेला होता, घेतला नव्हता. "गजूभाऊ, बाबा गेले. निघा लवकर. जऊळक्याची बहीण निघाली हाय, ते आली का उचलाचं हाय. त्याच्या आत सगळ्यायचा एक फोटो पायजे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मयतीत फोटो काढतात. ज्या माणसानं जन्मात स्टुडिओची पायरी चढलेली नसते, त्याचा निदान जाताना तरी घरच्यांबरोबर एक फोटो असावा म्हणून. दत्ताचे वडील किसनराव तर फोटोचं नाव काढलं की वावरात निघून जाणारे. मतदान ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. घरात दुसरा फोटो नाही. म्हणजे त्या दिवशी जे काय होतं ते माझ्या हातात होतं.

माझा मोठा कॅमेरा त्या दिवशी रशीदभाईंच्या टेबलावर उघडा, सुटा होऊन पडलेला. मी शोकेसमधला डेमो पीस उचलला आणि खिशात टाकला. मनात काय आलं तेही लिहितो. मनात आलं, पन्नास-साठ माणसं असतील तिथं, सगळ्यांच्या नजरेखालून कॅमेरा जाईल. मयतीला जाताना मी धंद्याचा विचार केला. घाईत मेमरी कार्ड मात्र दुकानातल्या कॉम्प्युटरमध्येच राहिलं. त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण कार्ड नसलं तर कॅमेऱ्याच्या पोटात आपली थोडी जागा असते. सात-आठ फोटो मावतात.

केनवडला पोचलो तेव्हा जऊळक्याची लेक आलेली होती. अंगणात तिरडीवर किसनरावांना ठेवलेलं, डोईखाली उशी, कपाळाला बुक्का, नवी टोपी. मागे लेकी, सुना, नातवंडं ओळीनं बसली. त्यांच्या उशाशी बायको, पार्वताकाकू. त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यावर. त्या रडत नव्हत्या. रडून झालं असावं.

मी कॅमेरा धरला. झुंईं. सगळ्यांच्या नजरा वळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बटण दाबलं. नारिंगी दिवा लागला आणि पुढे काही नाही.

परत दाबलं. दिवा विझला. परत दाबलं. दिवा लागला. आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला दाखवताना लावलेला हसण्याचा मोड तसाच राहिला होता, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा घाम कानामागून मानेवर आला होता. मेनूत शिरलो. पानामागून पान. कुठं फुलांचं चित्र, कुठं बर्फाचं, कुठं कुत्र्याचं. हसू काढून टाकायचं चित्र काही सापडेना.

"काय झालं, भाऊ?" दत्तानं विचारलं.

"उजेड कमी पडून राह्यला." दुपारचे तीन वाजले होते. उन्हानं पत्रे तडतडत होते.

किसनरावांचे धाकटे भाऊ महादूकाका काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "नसन होत त ऱ्हाऊ द्या. उचला आता. दिस थांबत नाही कोनासाठी."

आता उचललं तर फोटो कायमचा गेला. मेनूतून बाहेर येऊन मी परत बटण दाबलं, दिवा लागला. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते आलं.

"कोणीतरी... जरा हासा."

मागच्या ओळीतलं रडणंसुद्धा थांबलं.

"काय म्हनला रे हा?" महादूकाका.

"भाऊ, काय बोलून राह्यले तुमी?" दत्ता.

मी समजावून सांगायला गेलो. तीच तर माझी खोड. "तसं नाही, दत्ता. हा कॅमेरा हासल्याशिवाय फोटोच काढत नाही. जपानी हाय."

"अस्सं," महादूकाकांनी काठी उजव्या हातात घेतली. "मंग तू इकडं ये. तुले हासवतो मी."

तेवढ्यात पार्वताकाकूंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या त्या चकचकीत वडीकडे बघितलं, मग खाली नवऱ्याकडे. आणि त्याच्याशीच बोलल्या, "पाह्यलं का? जिता असताना फोटोले कधी बसला नाही. आज बसला, त असा गडी भेटला." आणि त्यांना हसू आलं. आवाज नव्हता त्याला. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि पुढचे दोन दात दिसले.

क्लिक.

डेमो पीसचा आवाज मी मुद्दाम मोठा ठेवलेला. साऱ्या अंगणानं ऐकला.

दत्ता उठून माझ्याजवळ आला. लाल झाला होता. "मायचा हासलेला फोटो? मयतीत? पुसा. आत्ता. माह्यासमोर."

मी कचराडब्याचं चित्र असलेलं बटण दाबलं, पुढे काहीतरी प्रश्न आला, न वाचता मधलं बटण दाबलं आणि कॅमेरा बंद केला. "पुसला," म्हणालो. तोवर तिरडी खांद्यावर गेली होती. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी स्मशानापर्यंत सगळ्यात मागे चालत गेलो आणि गाडीला किक मारून जो निघालो तो वाशीमला येऊनच थांबलो.

दुकानात कॅमेरा चालू केला. फोटो तिथंच. ही कंपनी पुसायच्या आधी विचारते, आणि विचारताना चौकट मुद्दाम 'नको'वर ठेवते. घाईत कुणी मधलं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे तिकडं जपानात बसून कुणीतरी आधीच ओळखून ठेवलं होतं.

तेव्हाच दत्ताला फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नाहीतर मग खरंच पुसायला हवा होता. तोही पुसला नाही. कारण लाज वाटली तरी खरं हे, की मी आयुष्यात बघितलेला तो सर्वांत चांगला फोटो होता, आणि तो मी काढलेलाच नव्हता. डेमो पीस ड्रॉवरमध्ये टाकला. तो विकला नाही.

पुढे मोबाईल आले आणि शोकेस ओस पडली. उरलेले कॅमेरे खोक्यात, खोकं माळ्यावर. डेमो पीसही दर दिवाळीच्या साफसफाईत एकेक ड्रॉवर मागे सरकत शेवटी त्याच खोक्यात गेला.

आणि यंदा उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरी दुकानात यायला लागल्या. "काका, जुना डिजिकॅम हाय का?" मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मग कळलं, जगभर खूळ निघालंय. आफरीन नावाची इंझोरीची एक मुलगी आली होती, शिकायला वाशीममध्ये. तिला विचारलं, "अगं, तुझ्या मोबाईलमध्ये याच्या दसपट ताकद आहे, हे जुनं डबडं कशाला?"

ती म्हणाली, "काका, मोबाईल सगळ्यायले गुळगुळीत करते. याच्यात मी माह्यासारखी दिसते. आन फोटो काढून झाला का हा गपचूप बसते. मंधात कोनाचा मेसेज येत नाही."

कॅमेरे विकले तेवढी वर्षं मी झूम आणि चौकोन सांगत होतो. विकायचं काय ते या मुलीनं दोन वाक्यांत सांगितलं. मला असा काही जोर चढला, की माळ्यावरचं खोकं काढलं, रशीदभाईंकडून बॅटऱ्या जिवंत करून घेतल्या आणि पंधरवड्यात खोकं रिकामं केलं. आफरीननं सगळ्यांत चकचकीत तो निवडला. झुंईं आवाज ऐकून टाळी वाजवली. मीही वाजवली. तो कोणता पीस आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बारा दिवसांनी पार्वताकाकू दुकानाच्या पायरीशी उभ्या. एकट्या, केनवडहून एस.टी.नं. पाठीला बाक आलेला. मी स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "गजानन, तो फोटो दे."

"कोणता, काकू?"

"इसरला? मी इसरली नाही."

"तो तर पुसला होता ना. दत्तासमोर."

"तू पुसला नाही. मी पाहून राह्यली होती. तुयासारखा हावरट गडी आपल्या हातची चीज पुसते का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता माहे दिस किती ऱ्हायले? मी गेली का ते आधारकार्डाचा फोटो मोठा करतीन, मी चोरावानी दिसते त्याच्यात. मले तो पायजे. त्याच्यासंगचा माहा तेवढाच हाय. दत्ताले सांगू नोको."

मी "पाहतो" म्हणालो आणि काकूंना एस.टी.त बसवलं. परत आलो तो सरळ माळ्यावर चढलो. खोकं रिकामं. रिकामं आहे हे मला माहीत होतं, तरी उपडं करून झटकलं. मग ड्रॉवर. मग पुन्हा खोकं. तीन वेळा शटर खाली-वर झालं तेव्हा रशीदभाईंनी पहिल्यांदा आपणहून भिंग काढलं.

"काय हरपलं?"

मी सगळं सांगितलं. इतकी वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे मयतीत हासवलं, खोटं बोलले, आन मंग इकून बी टाकलं. काही बाकी ठेवलं का?" आणि टपरीला कुलूप घातलं. "चला. बिठाव गाडीवर."

मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता. तिच्या अब्बांचं इंझोरीत बांगड्यांचं दुकान आहे, एवढं ती बोलता बोलता म्हणाली होती. मंगरूळपीर मागे टाकून पुढे जाईपर्यंत रशीदभाई मागे बसून एकच सांगत होते, "हळू. फोटो पळून नाही जाऊन राह्यला." मला मात्र वाटत होतं, पळूनच चाललाय.

दुकान सापडलं. आफरीन शेजारच्या मैत्रिणीकडे गेलेली. अब्बांनी चहा मागवला. मी चहा उभ्यानं प्यायलो, बांगड्यांचे डबे मोजले, रस्त्यावर गेलो, आत आलो. अब्बा रशीदभाईंना हळूच म्हणाले, "इनकी तबीयत ठीक है?" "बचपन से ऐसे ही है," रशीदभाई म्हणाले.

आफरीन आली. कॅमेरा गळ्यात, त्याला मण्यांची माळ लावलेली. विचारल्यावर म्हणाली, "यात जुनं काहीच नव्हतं, काका. मी त पह्यल्याच दिवशी सगळं साफ केलं."

मी शेवटी बसलो.

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "बेटा, क्या साफ किया? कार्ड, की कॅमेरा?"

"कार्ड."

त्यांनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्ड आत असेपर्यंत कॅमेरा आपल्या पोटातलं दाखवतच नाही, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी अधीर होऊन कॅमेरा ओढून घेतला आणि दोन बटणं दाबली. पडद्यावर प्रश्न आला. रशीदभाईंनी माझ्या हातावर फाटकन मारलं. "आंतली मेमरी पुसू का, असं इचारून राह्यला तो! तुमी हात खिशात घाला."

मी हात खिशात घातले. त्यांनी एक बटण दाबलं.

अंगण. टोपी. खांद्यावर हात. दोन दात.

आफरीन वाकून बघत होती. "आजोबा झोपले हाय का?"

"हां बेटा," रशीदभाई म्हणाले, "सोए है."

"दोघं लय भारी दिसून राह्यले," ती म्हणाली.

कॅमेऱ्याची वायर कधीच हरवलेली, तसली आता मिळतही नाही. पण पोटातलं कार्डावर उतरवायची सोय कॅमेऱ्यातच होती. तीही रशीदभाईंनीच शोधली. माझं काम गाडी चालवायचं.

मोठी प्रिंट काढली, चौकट केली आणि केनवड गाठलं. दत्ताला सांगू नको म्हणून काकूंनी बजावलं होतं, आणि दारात दत्ताच. केस पिकलेले. चौकटीवर गुंडाळलेला कागद मीच सोडला, कारण आता आणखी एक खोटं मला पेलवलं नसतं.

त्यानं फोटो बघितला. "पुसला म्हनले होते तुमी."

"म्हणलो होतो."

"इतकी वर्सं..." तो माझ्याकडे एक पाऊल आला.

"त्याले कायले बोलतं?" आतून पार्वताकाकू आल्या. "मीच मांगतला."

"माय, लोकं काय म्हनतीन? मयतीतला हासरा फोटो भितीले?"

"लोकं माह्या भिती पाहाले येतेत का?" त्यांनी चौकट त्याच्या हातातून घेतली, उजेडाला धरली. "बापाच्या तोंडाकडं पाय. कधी असा निवांत दिसला होता का तुले? जिनगानीभर वावरात पळाला. संग बसला तो एवढाच डाव."

दत्तानं फोटोतल्या बापाकडे बघितलं. मग आत गेला आणि हातोडी, खिळा घेऊन आला. त्यानं समोरच्याच भिंतीला खिळा ठोकला, चौकट लावली, एका बाजूनं जरा वर केली, मागे होऊन बघितली.

मला इतकं हलकं वाटलं, की माझी जुनी खोड उसळली. रशीदभाईंकडे दुरुस्तीला राहिलेला एक जुना कॅमेरा मी येताना खिशात टाकला होता. तो काढला. झुंईं. म्हणालो, "काकू, दत्ता, उभे राहा फोटोखाली. एक नवीन काढतो. आता मोड काढायचा कसा तेही शिकलोय."

पार्वताकाकूंनी माझ्याकडे बघितलं. तेच बघणं. मग लेकाला म्हणाल्या, "दत्ता, मी मेली का याले नक्की बलावजो. पन कॅमेरा आनू देजो नोको. नुसता उभा ठेव. लोकं आपसूक हासतीन."